शाकाहारी ताटाचा हिशेब: आधी डाळ मोजा

पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर, ताक. मराठी शाकाहारी ताटात काय कमी आहे असं शोधायला गेलं तर फारसं काही सापडत नाही. तरीही रोज हेच जेवणाऱ्या घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी निघतं, कुणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाला जेवून दोन तास होत नाहीत तोच पुन्हा भूक लागते. यातलं बरंचसं मापात चुकलेलं असतं. चार पोळ्या आणि वर भात, भातावर दोन पळ्या पातळ वरण, तोंडी लावण्यापुरती भाजी, आणि कोशिंबीर कुणी पाहुणे आले तरच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या सूचना नव्याने काढल्या. दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाचं त्यातलं माप असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. वजनं शिजवण्याआधीची आहेत, हे विसरलं की सगळा हिशेब कोसळतो. शिजलेल्या वरणाच्या वाटीत किती डाळ आणि किती पाणी, हे ताटाकडे बघून कळत नाही. म्हणून मोजायचं ते डब्यातून डाळ काढताना.

वरणाच्या वाटीत खरंच किती डाळ असते

आमटीची नेहमीची वाटी सपाट भरली तर तिच्यात कोरडी तूरडाळ साधारण १२५ ते १३० ग्रॅम मावते. वाट्या लहानमोठ्या असतात, तेव्हा आपली वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा आणि तो आकडा डाळीच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

चौघांच्या घरात एका वेळेला बहुधा अर्धी वाटी डाळ लागते, म्हणजे ६५ ग्रॅम. माणशी झाली १६ ग्रॅम. तूरडाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला आली साडेतीन ग्रॅम. दोन्ही वेळा वरण केलं तरी सात. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलो वजनाच्या बाईला म्हणजे ४६ ग्रॅम. दिवसभरात ३५० ग्रॅम धान्य, ३२ ग्रॅम डाळ आणि चहापुरतं १०० मिलिलिटर दूध एवढंच पोटात गेलं, तर बेरीज जेमतेम ४२ ग्रॅमवर थांबते. त्यातलीही तीन चतुर्थांश प्रथिनं धान्याची. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. डाळीत जे कमी पडतं ते मेथिओनिन धान्य पुरवतं. वरण-भात, खिचडी, पिठलं-भाकरी या जोड्या म्हणूनच चांगल्या, पण डाळीची बाजू नावापुरती ठेवली की जोडी जुळत नाही.

आता तेच ताट मापात बसवून बघा. धान्य २५० ग्रॅम म्हणजे वाटीभर पोहे (५० ग्रॅम), एक ज्वारीची भाकरी (६० ग्रॅम पीठ), तीन मध्यम पोळ्या (९० ग्रॅम पीठ) आणि थोडा भात (५० ग्रॅम तांदूळ). यातून २३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. डाळी-कडधान्यांतून १९, दूध-दह्यातून ९ ते १०, दाणे-तिळातून ८. एकूण ६० ग्रॅमच्या घरात. पावडरचा डबा न आणता, स्वयंपाक न बदलता, फक्त पोळी-भात थोडा कमी करून ती जागा डाळ, दूध-दही आणि दाण्यांना दिली.

८५ ग्रॅम एकट्या वरणातून आणायचे नाहीत, तसं केलं तर दोन दिवसांत कंटाळा येईल. चौघांना दिवसाला ३४० ग्रॅम म्हणजे जवळजवळ पावणेतीन वाट्या कोरडी डाळ-कडधान्य लागतं. ते असं वाटून टाका: दुपारी घट्ट वरण किंवा आमटी एक वाटी डाळीची, रात्री कडधान्याची उसळ एक वाटीची, आणि उरलेली पाऊण वाटी दिवसभरात इकडेतिकडे. सकाळी मूगडाळीची धिरडी, पालेभाजीला भिजवलेली हरभराडाळ किंवा मूगडाळ, ढोबळी मिरचीला पेरलेलं बेसन, कोशिंबिरीत भिजवलेली मूगडाळ, मऊ भातावर दोन चमचे मेतकूट. पिठलं हा यातला सगळ्यात सोपा मार्ग आहे. एक वाटी बेसन चौघांत गेलं की रात्रीचं काम झालं.

थालिपिठाची भाजणी घरात असेल तर धान्य आणि डाळ आपोआप एकत्र येतात. ज्वारी २ वाट्या, बाजरी १, गहू अर्धी, तांदूळ अर्धी, हरभराडाळ १, उडीदडाळ अर्धी, मूग अर्धी, धणे पाव वाटी. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं तर तांदूळ करपतो आणि हरभराडाळ कच्ची राहते, मग थालिपीठ कडवटही लागतं आणि पोटालाही जड जातं. विकतची भाजणी घेताना पाकिटावरची यादी वाचा. डाळींची नावं शेवटी असतील तर त्यांचं प्रमाणही तसंच असतं.

मोड आणणं

कडधान्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते कमी होतं, शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडात तयार होतं. उसळीसाठी एवढा खटाटोप करायचा तो यासाठी.

मटकी निवडून तीन पाण्यांनी धुवा. तिप्पट पाण्यात आठ ते दहा तास भिजवा. उन्हाळ्यात बारा तासांवर गेली की पाण्याला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या, पुन्हा एकदा धुवा आणि चाळणीत पंधरा मिनिटं पूर्ण निथळू द्या. बहुतेक वेळा मोड फसतात ते इथेच, कारण घाईत मटकी ओली ठिबकत असतानाच बांधली जाते, तळाचे दाणे चिकट होतात आणि वास मारतात. निथळलेली मटकी ओल्या पण घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात बांधा. गाठ दाण्यांच्या अगदी लगत मारू नका, मोडांना फुगायला जागा लागते. पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात बारा तासांत अर्ध्या पेराचे मोड येतात. थंडीत चोवीस तास लागतात, तेव्हा डबा बंद ओव्हनमध्ये किंवा नुकत्याच उतरवलेल्या गरम कुकरच्या शेजारी ठेवा. मधे फडकं कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. कोरड्या फडक्यात मोड बारीक आणि कडक राहतात.

बांधण्याआधी दाणे एकदा हातावर पसरून बघा. भिजूनही न फुगलेले, खड्यासारखे राहिलेले गणंग दाणे वेचून टाका. ते शिजत नाहीत आणि एखादा दाताखाली आला की घरातलं पोर महिनाभर उसळ खात नाही.

शंभर ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आल्यावर दोनशे ते अडीचशे ग्रॅम होते. वाटीभर मोडांत निम्म्याहून जास्त पाणी आणि ३५ ते ४० ग्रॅमच कडधान्य असतं, हिशेबात तेवढंच धरा. मोड फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहतात. गरोदर बाया, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेले यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. ज्या ओलसर उबेत मोड वाढतात तिथेच जंतूही वाढतात, पाच मिनिटं चांगली वाफ दिली की प्रश्न मिटतो. राजम्याचं तर कच्चं किंवा अर्धंकच्चं काहीच खायचं नाही. भिजवून, पाणी बदलून, दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवायचा.

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात डाळ कडक राहते. बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्यातही ती शिजत नाही, अशा ठिकाणी शिजवायला प्यायचं पाणी वापरा. खायचा सोडा घालून काम लवकर होतं खरं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. तूरडाळ अर्धा तास आणि हरभरे रात्रभर भिजवले तर सोड्याची गरजच पडत नाही.

वायू होतो म्हणून कडधान्य सोडून देणारी माणसं बरीच भेटतात. एकदम दुप्पट खाल्लं तर पोट फुगणारच. पहिले दोन आठवडे मूगडाळ आणि सालाचे मूग, मग मटकी, मग चवळी, आणि शेवटी हरभरे, वाटाणे, राजमा. भिजवलेलं पाणी दर वेळी टाकायचं, फोडणीत हिंग, वाटणात आलं. महिनाभरात बहुतेकांचं पोट सरावतं.

लोह: लिंबू जवळ, चहा लांब

रक्त वाढवायला बीट खा, हा सल्ला घरोघरी मिळतो. बिटाचा रंग लाल असतो एवढाच त्याला आधार. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. दहा ग्रॅम गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. मासिक पाळी चालू असलेल्या बाईची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम, पुरुषाची १९. बीट खाऊ नये असं नाही, पण त्याच्यावर विसंबून राहिलात तर हिमोग्लोबिन आहे तिथेच राहील.

लोह आहे ते बाजरीत (१०० ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या आसपास), मटकी-चवळीत, तिळात, अळिवात, पालेभाज्यांत. मात्र वनस्पतींमधलं लोह सहज शोषलं जात नाही, आणि खरी मेख इथेच आहे. त्याच घासासोबत क जीवनसत्त्व गेलं की शोषण चांगलंच वाढतं. उसळीवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद करून, ताटात वाढल्यावर, कारण उकळत्या पातेल्यात पिळलेल्या लिंबाचं क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. जेवणासोबत पेरूच्या चार फोडी, कच्च्या ढोबळी मिरचीची कोशिंबीर, आवळ्याचा कीस, कच्ची कोबी, यातलं काहीही चालेल.

आणि जेवणावर चहा घेऊ नका. चहातली टॅनिनं लोहाला बांधून टाकतात, शोषण निम्म्याहून खाली येतं. पोहे आणि चहा ही आपली सकाळची जोडी तोडणं जिवावर येतं हे मान्य, पण निदान ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी चहा तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्यावा. कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच, ती लोहाच्या गोळीसोबत घ्यायची नाही. आमटी-भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही मिळतं, आंबट पदार्थात जास्त. शिजल्यावर मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर रंग काळा पडतो आणि चव बिघडते.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. तिथे नुसत्या आहारावर थांबू नका, डॉक्टरांकडून गोळ्या घ्या. जेवण सुधारणं चालू ठेवा, ते गोळ्या संपल्यावर उपयोगी पडतं.

बी-१२ आणि कॅल्शियम

शाकाहारात बी-१२ हे जीवनसत्त्व मिळतं फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून. ३०० मिलिलिटर दुधातून एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं, आणि गरज आहे दोनच्या थोडी वर. म्हणजे रोज दूध-दही घेणाऱ्यांचंही कमी पडू शकतं. इडली, आंबील, मोड, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) यांच्यावर बी-१२ साठी भरवसा ठेवू नका. पायाला मुंग्या, लाल गुळगुळीत जीभ, सतत थकवा, विसरायला होणं, तोल जाणं, यातलं काही असेल तर रक्त तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी खाली जातं, त्यांनी लक्षणांची वाट बघू नये. दूधही न घेणाऱ्यांनी गोळी घ्यायलाच हवी, मात्रा डॉक्टरांना विचारून. मज्जातंतूंना झालेली इजा उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगणं.

कॅल्शियम त्यामानाने सोपं आहे. रोज १००० मिलिग्रॅम हवं. ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून ३६० मिळतं, नाचणीच्या एका भाकरीतून (६० ग्रॅम पीठ) २०० च्या वर, एक मोठा चमचा न सोललेल्या तिळातून सव्वाशेच्या आसपास. बाकीचं शेवग्याचा पाला, मेथी, कढीपत्ता आणि डाळी भरून काढतात. कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवायचा नाही, वाळवून चटणी करा. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अडवून ठेवतं.

 

भाजी चमचाभर नको

४०० ग्रॅम माणशी म्हणजे चौघांना रोज दीड किलोच्या वर भाजी. कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर सगळं धरून. आकडा ऐकून दडपण येतं, पण एक निवडलेली मेथीची जुडी, पाव किलो गाजर, पाव किलो काकडी, अर्धा किलो दुधी आणि स्वयंपाकातले कांदे-टोमॅटो एवढ्यात तिथपर्यंत पोचता येतं. बटाटा यात धरू नका. डब्यात पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी म्हणजे पिठासोबत पिष्टच. त्यात निम्मा फ्लॉवर किंवा मटार घाला. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की जीवनसत्त्वं पाण्यासोबत वाहून जातात.

चांगलं ताट कसं दिसतं हे बघायचं तर भोगीचं ताट बघा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट यांची एकत्र भाजी, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. बाजरीचं लोह, तिळाचं कॅल्शियम, पावटे-सोलाण्यांची प्रथिनं, बोरांचं क जीवनसत्त्व, सगळं एकाच ताटात. हिवाळाभर आठवड्यातून एकदा हे ताट करायला हरकत कसली?

तेल-मीठ महिन्यावर मोजा

रोजचं तेल चमच्याने मोजणं कुणाच्याने होत नाही. महिन्यावर मोजा. चौघांच्या घरात तेल-तूप मिळून महिन्याला सव्वातीन किलोच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे साडेतीन लिटर. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचं पाकीट निदान पन्नास दिवस पुरायला हवं, कारण लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्या पाच ग्रॅमांतच धरायचं. हल्ली नेहमीचं मीठ बंद करून सगळा स्वयंपाक सैंधवात करायची पद्धत निघाली आहे. त्यात पुरेसं आयोडीन नसतं, मासळी न खाणाऱ्या घराला ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून मिळतं.

उपवास, तान्ही मुलं, म्हातारी माणसं

साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. महिन्यातल्या दोन एकादश्या, संकष्टी आणि श्रावणी सोमवार मिळून बरेच दिवस होतात. त्या दिवशी राजगिऱ्याचं थालीपीठ, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, दही, फळ असं जेवण ठेवा. खिचडीच हवी असेल तर दाण्याचा कूट सढळ हाताने घाला आणि सोबत वाटीभर दही घ्या.

सहा महिन्यांनंतर बाळाला डाळीचं पाणी देऊ नका. पोट इवलंसं असतं, ते पाण्याने भरतं आणि वजन वाढत नाही. तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, मऊ शिजवून घोटून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट, वर अर्धा चमचा तूप. म्हाताऱ्या माणसांचं उलटं होतं. दात गेले की उसळ आणि भाकरी आधी सुटते आणि चहात बुडवलेल्या पोळीवर दिवस निघतो. त्यांना मूगडाळीची मऊ धिरडी, घोटलेलं घट्ट वरण, दही, किसलेलं पनीर द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, वरचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत.

आणि सगळं शेवटी येऊन थांबतं ते रात्री ओट्यावर काही भिजत घातलं आहे की नाही यावर. शनिवारी रात्री मटकी भिजवली की सोमवारी उसळ. मंगळवारी रात्री हरभरे, ते बुधवारी थेट कुकरला. गुरुवारी सकाळी चवळी, रात्री शिजवायला. शुक्रवारी रात्री सालाचे मूग, शनिवारी सकाळी वाटून धिरडी. ही यादी फ्रिजच्या दारावर लावा आणि भिजवायचं काम घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात न घालता वार वाटून घ्या.